पंपाच्या स्टार्टरांतील रिले : त्याचें कार्य व उपयोग

विहिरीवरील पंपाची मोटार जळाली म्हणजे ती पुन्हां गुंडाळून घेण्याचा खर्च येतोच. परंतु पाण्याच्या ऐन पाळीस पीक वाळतें, तें नुकसान बहुधा त्याहून मोठें असतें. मोटार वांचविण्याची योजना स्टार्टरच्या पेटींत मुळांतच केलेली असते. तिचा आधार म्हणजे रिले. त्याचें कार्य ठाऊक नसल्यामुळें कित्येक ठिकाणीं तो अडचण समजून निरुपयोगी केला जातो. म्हणून त्याची रचना येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम साधा स्विच घेऊं. विजेच्या वाटेंत धातूचे दोन तुकडे असतात. ते एकमेकांस टेकले कीं प्रवाह वाहतो, अलग झाले कीं थांबतो. ही जोडतोड हातानें केली तर तो स्विच; विजेकडूनच करविली तर तो रिले.

वीज हें काम कसें करते? तारेंतून प्रवाह वाहूं लागला कीं तिच्याभोंवतीं चुंबकशक्ति उत्पन्न होते, हें डेन्मार्कमधील ओर्स्टेड यांनीं १८२० सालीं दाखविलें. लोखंडी गाभ्यावर तारेचें वेटोळें गुंडाळलें, तर प्रवाह असेपर्यंत तो गाभा चुंबक बनतो व प्रवाह थांबतांच निर्बल होतो. याच गुणावर अमेरिकेंतील जोसेफ हेन्री यांनीं १८३५ च्या सुमारास रिले सिद्ध केला. पुढें तारायंत्रांत दुरून क्षीण होऊन आलेला प्रवाह रिले चालवी, आणि रिले पुढील तारेंत ताजा प्रवाह सोडी. थकलेले घोडे बदलून ताजे जोडण्याच्या योजनेस रिले म्हणत. तेंच नांव या यंत्रास पडलें. मामलेदाराच्या चिठीनें तिजोरी उघडते, पण चिठींत पैसा नसतो. त्याचप्रमाणें येथें अल्प प्रवाहाच्या हुकुमानें मोठा प्रवाह सुरू होतो.

आपल्या स्टार्टरांत हेंच घडतें. हिरवें बटन दाबलें कीं वेटोळ्यांत थोडासा प्रवाह जातो, चुंबक पट्टी ओढतो, तिन्ही फेजांच्या वाटा जुळतात व मोटार चालूं लागते. त्याच वेळीं एक लहान जोड मिळून वेटोळ्यास वीज पुरवीत राहतो. म्हणून बोट काढलें तरी मोटार चालते. वीज गेली अथवा दाब फार उतरला कीं चुंबक सुटतो व स्प्रिंग वाटा तोडते. वीज परत आली तरी बटन दाबल्यावांचून मोटार चालत नाहीं. हा दोष नसून संरक्षण आहे. कारण मध्यंतरीं कोणी विहिरींत उतरलेला असूं शकेल. बटनांत काडी खोंचून ठेवणें म्हणजे हें संरक्षण घालविणें होय.

दुसरा रिले उष्णतेवर चालतो. त्यांत दोन भिन्न धातु जखडून केलेली पट्टी असते. एक धातु अधिक प्रसरण पावतो, दुसरा कमी. त्यामुळें तापलेली पट्टी वांकते व वेटोळ्याची वाट तोडते. सुरुवातीस मोटार क्षणभर सुमारें सहापट प्रवाह ओढते. पण पट्टी तापण्यास वेळ लागतो, म्हणून तेवढ्यानें रिले सुटत नाहीं. तीनांपैकीं एक फेज गेला तर चालती मोटार उरलेल्या दोहोंवर ओढत राहते, व त्या तारांतील प्रवाह सुमारें पावणेदोनपट होतो. अशा वेळीं हाच रिले तिला वांचवितो.

साध्या स्टार्टरांत रिलेचा कांटा मोटारीच्या पाटीवरील अँपियरवरच ठेवावा. ५ अश्वशक्तीच्या तीन फेजी मोटारीस साधारण ७ ते ८ अँपियर लागतात. पाण्यांत बुडणाऱ्या मोटारीस थोडे अधिक. कांटा १२ वर नेला तर रिले असून नसल्यासारखा. तो वारंवार सुटूं लागल्यास कांटा न वाढवितां कारण शोधावें : फेज गेला आहे काय, दाब कमी आहे काय, बेअरिंग जाम झालें आहे काय.

रात्रीं वीज येते तेथें पुष्कळ जण आपोआप चालणारा स्टार्टर बसवितात. त्यांत बटनाचें काम रिलेच करतो. तेव्हां वीज येतांच मोटार चालूं होणार, हें ध्यानीं धरावें. शिवाय लाल बटनानें मोटार थांबली तरी पेटींत येणाऱ्या तारा जिवंतच राहतात. यास्तव विहिरींत उतरण्यापूर्वीं व पेटी उघडण्यापूर्वीं मुख्य स्विच पाडावा, नंतर फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवावे. शेतावर राबणाऱ्या प्रत्येक माणसास हा नियम शिकवून ठेवावा.