एका यंत्रात अनेक संगणक

एकाच प्रत्यक्ष संगणकावर सॉफ्टवेअरच्या साह्याने अनेक स्वतंत्र संगणक उभे करणे म्हणजे आभासीकरण, अर्थात व्हर्च्युअलायझेशन. अशा प्रत्येक आभासी संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी असते आणि मेमरीचा व डिस्कचा वाटा ठरलेला असतो. ही वाटणी हायपरवायझर नावाचे सॉफ्टवेअर करते. प्रोसेसरचा वेळ कोणाला किती द्यायचा, हेही तेच ठरवते. एक आभासी संगणक बिघडला, तरी त्याच यंत्रावरील बाकीच्यांचे काम सहसा चालू राहते.

आभासीकरणाची सुरुवात आयबीएमने १९६०च्या दशकात केली. तेव्हाचे मेनफ्रेम संगणक फार महाग होते, त्यामुळे एकच यंत्र अनेकांना वापरता येणे गरजेचे होते. पुढे सर्व्हर स्वस्त झाले, तशी कार्यालये प्रत्येक कामासाठी वेगळा सर्व्हर घेऊ लागली. त्यातले बरेचसे बहुतेक वेळ रिकामेच चालत. १९९८मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने आभासीकरण साध्या इंटेल प्रोसेसरवर आणले आणि अनेक सर्व्हरची कामे एका यंत्रावर एकवटता येऊ लागली.

आभासी संगणक ही अखेर डिस्कवरची माहितीच असते. म्हणून त्याची प्रत काढता येते आणि तो चालू असतानाच दुसऱ्या यंत्रावर हलवताही येतो. क्लाउड याच सोयीवर उभा आहे. क्लाउड कंपनी हजारो सर्व्हर डेटा सेंटरमध्ये ठेवते आणि त्यांची क्षमता इंटरनेटवरून भाड्याने देते. वापर मोजला जातो आणि तेवढेच बिल येते. ॲमेझॉनने २००६मध्ये ही सेवा व्यापारी तत्त्वावर सुरू केली. ॲमेझॉनची मुंबईतील डेटा सेंटर २०१६पासून ग्राहकांसाठी खुली आहेत.

क्लाउडचे तीन प्रकार मानले जातात. पहिल्यात ग्राहक नुसता आभासी संगणक घेतो आणि त्यावरील सगळे स्वतः सांभाळतो. दुसऱ्यात प्रोग्रॅम चालवण्याची तयार व्यवस्था मिळते. तिसऱ्यात थेट तयार सेवा मिळते. जीमेल हे तिसऱ्याचे ओळखीचे उदाहरण.

दहावीच्या निकालाच्या दिवशी लाखो विद्यार्थी आणि पालक एकाच वेळी संकेतस्थळ उघडतात. दुसऱ्या दिवशी ती गर्दी ओसरते. एवढ्या काही तासांसाठी कायमचे सर्व्हर विकत घेणे परवडणारे नसते. क्लाउडवर मात्र आभासी संगणक वाढवता येतात आणि काम संपल्यावर सोडून देता येतात. सरकारी कामांसाठी केंद्राने २०१४मध्ये ‘मेघराज’ या उपक्रमाखाली राष्ट्रीय क्लाउड सुरू केला. महाराष्ट्राने २०१८मध्ये आपले सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केले.

मुंबई-गोवा महामार्गावर, जिथून गगनबावड्यामार्गे कोल्हापूरचा रस्ता फुटतो, त्या कणकवली तालुक्यातील तळेऱ्यासारख्या गावाला या व्यवस्थेचा अर्थ व्यवहारात कळतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८पासून ऑनलाइन मिळतो. दस्तऐवज देणारे सर्व्हर गावात असण्याची गरज नसते. गावात फोन किंवा संगणक, वीज आणि इंटरनेट एवढे पुरते. तळेऱ्यातल्या दुकानदाराने हिशेबाचे सॉफ्टवेअर क्लाउडवर ठेवले, तर त्याचा संगणक बिघडला तरी वह्या शाबूत राहतात.

याची दुसरी बाजूही आहे. मे २०२१मधील तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गात वीज खंडित झाली होती. अशा वेळी डेटा सेंटरमधली माहिती सुरक्षित असली, तरी ती गावात बघता येत नाही. म्हणून महत्त्वाच्या कागदांची एक प्रत जवळ ठेवणे शहाणपणाचे ठरते. शिवाय माहिती कोणत्या देशातील यंत्रावर आहे, तिला कोणता कायदा लागू होतो आणि सेवा सोडताना ती परत मिळते का, हे करार करण्यापूर्वीच विचारून घ्यावे लागते. पासवर्डची जबाबदारी तर क्लाउडवरही ग्राहकाचीच राहते.