जुन्या डिझेल गाडीचा धूर काय सांगतो? रंग ओळखा, इंजिन वाचवा

गावागावांत अजूनही जुन्या सुमो, बोलेरो, कमांडर जीप धावतात. इंजिन बिघडण्याआधी या गाड्या बऱ्याचदा धुरातून इशारा देतात. तो वेळीच ओळखला तर थोडक्यात भागतं, नाहीतर थेट इंजिन खोलावं लागतं.

काळा धूर : डिझेल पूर्ण जळत नाही. आधी एअर फिल्टर पाहा, कच्च्या रस्त्याच्या धुळीने तो लवकर चोंदतो. फिल्टर बदलूनही धूर राहिला तर नोझल तपासून घ्या.

निळसर धूर : इंजिन ऑइल जळतंय. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजलेले असू शकतात. गाडी सपाट जागी लावून सकाळी थंड इंजिनवर ऑइलची पट्टी पाहत जा.

पांढरा धूर : थंडीत सकाळी थोडा वेळ आला तर घाबरू नका. पण गाडी तापल्यावरही येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट गेल्याची शक्यता असते. अशी गाडी दामटू नका, हेड वाकू शकतं. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकणही उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.

मेकॅनिककडे नुसतं ‘धूर येतो’ म्हणू नका. कोणत्या रंगाचा, कधी येतो, तेही सांगा.