पार्किंगमधला कॅमेरा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कॅमेऱ्याच्या चित्रातून गाडी, माणूस किंवा नंबर प्लेट ओळखण्याच्या संगणकाच्या क्षमतेला संगणकीय दृष्टी म्हणतात. नाशिकमध्ये सीबीएस बसस्थानक, नाशिकरोड स्टेशन किंवा पंचवटीत गाडी लावणाऱ्या अनेकांना वाटते, की कॅमेरा आहे म्हणजे कोणीतरी पाहत आहे. साधा सीसीटीव्ही मात्र फक्त चित्रण साठवतो. ते बहुधा गाडी चोरीला गेल्यावरच उघडले जाते, आणि तोवर जुन्यावर नवे चित्रण चढलेलेही असू शकते.

संगणक जोडला की कॅमेरा चोर ओळखतो, हा समज जास्त पक्का आहे. हँडल लॉक तोडणारा चोर आणि किल्ली हरवल्याने खटपट करणारा मालक चित्रात सारखेच दिसतात. मालकी डोळ्यांना दिसत नाही, तशी कॅमेऱ्यालाही नाही. समजा, एका वाहनतळावर दिवसात 2,000 वेळा कोणी ना कोणी गाडीला हात लावला आणि प्रणाली शंभरात एकदाच चुकली, तरी 20 खोटे गजर वाजतील. असा गजर रखवालदार लवकरच बंद करून टाकतो. खरा उपयोग साध्या कामात आहे : गाडी आत येताना नंबर वाचून पावतीशी जोडायचा आणि बाहेर पडताना पुन्हा ताडायचा. जुळले नाही, तर फाटक उघडत नाही.

नंबर वाचणेही वाटते तितके सोपे नाही. एमएच 15 नंतर अक्षरे, मग आकडे, हा साचा ठरलेला असल्याने 8 की बी हे जागेवरून ठरवता येते. पण 4141 चा ‘दादा’ आणि 214 चा ‘राम’ करण्याची मराठी हौस नियमात बसत नाही आणि संगणकालाही वाचता येत नाही.

1 एप्रिल 2019 पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट असते. तिच्यामुळे चोरीची गाडी कुठे आहे ते कळते, असे समजले जाते. तिच्यात जीपीएस नसते. असतो तो होलोग्राम, लेसरने कोरलेला क्रमांक आणि काढताच तुटणारे कुलूप. कॅमेरा यातले फक्त नोंदणी क्रमांकाचे अक्षर-आकडे वाचतो, त्यामुळे दुसऱ्याच गाडीचा नंबर लावलेली बनावट प्लेटही त्याला खरी वाटते. यावर उपाय म्हणजे ‘वाहन’ या सरकारी नोंदणीतील गाडीचा प्रकार आणि रंग चित्राशी जुळवणे. नंबर स्कूटरचा आणि समोर बुलेट, हे संगणक सहज पकडतो. रात्री इन्फ्रारेड प्रकाशात प्लेट चमकते, पण रंग नाहीसे होतात. तेव्हा प्रकारावरच भागवावे लागते.

चित्रण असले की पुरावा झाला, हेही अर्धेच खरे. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार त्याची प्रत न्यायालयात देताना सोबत प्रमाणपत्र जोडावे लागते.