दोष धर्माचा की नास्तिकतेचा?

‘इतिहासातील अत्याचारांना जबाबदार कोण, धर्म की नास्तिकता?’ या विषयावर वर्गात वादविवाद झाला. मी धर्माविरुद्ध बोललो. घरी जोह्याला आलो, तर बाबा कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करीत बसलेले. ज्याच्यावर तोंडसुख घेतले, त्याच्याच मूर्तींवर माझी फी भरली जाते!

माझा पुरावा आपल्याच जिल्ह्यातला होता. महाडचे चवदार तळे नगरपालिकेचे. सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. १९२४ मध्ये नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले. पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि परिषदेला आलेले लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. लगेच आवई उठली, की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमावाने परतणाऱ्या लोकांना झोडपले. पुढे पंचगव्याने तळे ‘शुद्ध’ केले. मुसलमानांना त्या पाण्याची मनाई नव्हती, हे विशेष. विटाळ होता तो स्वधर्मीयांचाच!

प्रतिपक्षाने कंबोडिया काढला. १९७५ ते १९७९ या काळात पोल पॉटच्या राजवटीत पंधरा ते वीस लाख माणसे मेली. भिक्षूंची चीवरे उतरवली गेली. मी म्हणालो, ‘ती खरी नास्तिकता नव्हे.’ तो हसून म्हणाला, ‘मग महाडचा तो खरा धर्म नव्हे.’ मी निरुत्तर झालो.

आता वाटते, दोघांचेही चुकले. देव नाही, एवढ्या विचाराने कोणी कोणाला मारीत नाही. कंबोडियात पक्षाच्या शब्दाला जाब विचारण्याची सोय नव्हती. महाडात रूढीला नव्हती. आपल्या हातून घडते त्याचा भार असा दुसऱ्यावर टाकता आला, की साध्या माणसाचाही हात उठतो. तळ्याचा खटला चालला, तेव्हा न्यायालयाने देवाधर्माचा निवाडा केलाच नाही. ही रूढी अनादि काळापासूनची आहे याला पुरावा काय, एवढेच पाहिले. तो मिळाला नाही. १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. शिवाय डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. जाब आतूनही विचारता येतो तो असा.

बाबांना हे सारे सांगितले. हातातली कुंचली न थांबवता त्यांनी विचारले, “मग जिंकलं कोण?”

“तो,” मी म्हणालो.