बऱ्याच दिवसांच्या उपासमारीनंतर लगेच पोटभर का जेवू घालू नये?

आजारी माणसाने आठ-दहा दिवस काही खाल्ले नसेल आणि मग त्याला भूक लागली, तर आपण आनंदाने ताट भरून वाढतो. पण तेच जेवण त्याच्या जिवावर बेतू शकते. या धोक्याला ‘रिफीडिंग सिंड्रोम’ म्हणतात.

युद्धाने शिकवलेला धडा

१५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्याने जर्मनीतील बर्गन-बेल्सन छळछावणी मुक्त केली. तेथे सुमारे ६० हजार कैदी होते, बहुतेक उपासमारीने खंगलेले. सैनिकांनी मायेने जवळचे डबाबंद अन्न दिले, पण अनेकांना ते सोसले नाही. सुटकेनंतरही १३ हजारांहून अधिक माणसे दगावली. टायफस आणि कुपोषण ही मुख्य कारणे होती, पण अचानक मिळालेल्या जड अन्नानेही बळी घेतले. ब्रिगेडियर ग्लिन ह्यूज यांच्या देखरेखीखालील लष्करी वैद्यकीय पथकांनी मग बंगालच्या १९४३च्या दुष्काळात वापरलेले दूधभुकटी, साखर व पिठाचे पातळ मिश्रण देऊन पाहिले. ते इतके गोड होते की अनेकांना घेववेना. म्हणजे अन्न पातळ आणि थोडे तर हवेच, पण रुग्णाला रुचेल असेही हवे.

शरीरात काय होते?

उपासमारीत शरीरातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियमचा साठा घटतो. एकदम भात, साखर पोटात गेली की इन्सुलिन वाढते आणि रक्तात उरलेले हे क्षार पेशींत ओढले जातात. त्यामुळे हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ‘ब१’ जीवनसत्त्वही कमी पडते.

धोका कोणाला?

- पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच न खाल्लेले
- झपाट्याने वजन घटलेले, कर्करोगाचे किंवा क्षयाचे रुग्ण
- दारूचे व्यसन असलेले
- तीव्र कुपोषित बालके (सहा महिने ते पाच वर्षे वयात दंडाचा घेर ११.५ सेंमीपेक्षा कमी)

तुम्ही काय कराल?

- खायला देण्याआधी किती दिवस उपाशी आहे हे डॉक्टरांना सांगा. रक्ततपासणी करून ते आहार ठरवतील.
- सलाइनमधून ग्लुकोज चढवा, असा आग्रह धरू नका. त्यानेही हाच धोका संभवतो.
- कुपोषित बालकासाठी आशाताई किंवा अंगणवाडीताईंना पोषण पुनर्वसन केंद्राबद्दल विचारा.
- खाणे सुरू केल्यावर पायांवर सूज, धाप, छातीत धडधड, गोंधळलेपणा किंवा झटके आले, तर थांबू नका. घोडेगावसारख्या गावातून अहिल्यानगरला पोहोचायला वेळ लागतो, म्हणून लगेच १०८ ला फोन करा.

माया करा, पण घासाघासाने.