शेवळातला पिवळा भाग
(ताटातलं वनस्पतिशास्त्र : लेखांक ५)

गेल्या आठवड्यात आपण जास्वंद उभी चिरून पाहिली. मधल्या नळीवर पुंकेसर, नळीतून वर आलेली कुक्षीची पाच टोकं, तळाशी अंडाशय. शाळेच्या पुस्तकात हीच आकृती असते आणि परीक्षेतही हीच येते. त्यामुळे प्रत्येक फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असायचेच, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. अंबरनाथ-बदलापूरच्या बाजारात पावसाच्या आगेमागे येणारा रानचा माल बघितला, की हा समज टिकत नाही.

भौगोलिक मानांकन मिळालेलं बदलापूरचं जांभूळ तसं पुस्तकाबरहुकूम वागतं. त्याच्या बारीक पांढुरक्या फुलात पुंकेसरांचा झुपका असतो आणि मधोमध एकच कुक्षीवृंत. पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, त्यामुळे फूल उमललं की सगळ्या एकदमच गळतात. अंडाशय या सगळ्याच्या खाली असतं, त्याचंच फळ होतं. जांभळाच्या टोकाला जो गोल कंगोरा दिसतो, तो फुलाच्या निदलपुंजाचा उरलेला भाग. जांभूळ तोंडात टाकण्याआधी एकदा तरी तो पाहावा.

खरी गंमत शेवळाची. पहिल्या पावसाच्या सुमाराला ठाकूर-कातकरी बायका डोंगरातून शेवळांच्या जुड्या आणि सोबत काकडं घेऊन येतात. आपण भाजी म्हणून घेतो तो असतो सुरणाच्या या रानटी भावंडाचा न उमललेला फुलोरा. पान नंतर येतं, आधी जमिनीतून हा दांडाच वर येतो. बाहेरचं जाड आवरण म्हणजे महाछद. ते सोडवलं की आत उभा दांडा दिसतो. त्याच्या तळाशी मादी फुलांचा पट्टा. या फुलांना पाकळ्या नाहीत, काही नाही. नुसतं अंडाशय आणि वर कुक्षी. त्याच्या वरच्या बाजूला पिवळा, दाणेदार भाग, ती नर फुलं. त्याहून वर लांबलचक गुळगुळीत टोक. फुलोरा उमलला की कुजका वास सोडून कीटकांना बोलावण्याचं काम या टोकाचं.

हा पिवळा भाग शेवळं साफ करताना काढून टाकतात, नाहीतर घसा खाजतो. खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांची. आंबट काकडं घालायची ती याच कारणासाठी. म्हणजे शेवळं साफ करणारी प्रत्येक बाई नर फुलं नेमकी ओळखते, फक्त त्यांना तसं म्हणत नाही. वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला जास्वंदीऐवजी शेवळं ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकाच दांड्यावर नर-मादी इतके जवळ असूनही शेवळं स्वतःचे पराग सहसा स्वतःला लागू देत नाही. फुलोरा उमलतो तेव्हा आधी कुक्षी तयार असतात. पराग बाहेर पडतात त्या सुकू लागल्यावर. त्यामुळे आसपास एखादा दिवस आधी उमललेलं दुसरं शेवळं असावं लागतं. सगळा उतार खुडून नेला आणि एकच मागे राहिलं, तर त्याला बी धरणं कठीण. जमिनीतला कंद तेवढा पुढच्या वर्षी पुन्हा फुटतो.

उल्हासनगरात सिंधी घरांत आवडीने खाल्ली जाणारी भीं म्हणजे कमळाचं चिखलातलं खोड, तिचा फुलाशी संबंध नाही. कमळाचे स्त्रीकेसर असतात फुलाच्या मधल्या फुगीर बैठकीतल्या खळग्यांत, एकेका खळग्यात एकेक. त्यांचेच पुढे कमळगट्टे होतात. (मखाणे कमळाचे नव्हेत, ते वेगळ्याच पाणवनस्पतीचे.)

कंटोळीने तर घरच वेगळं मांडलंय. नर वेल निराळा, मादी वेल निराळा. बी पेरलं तर कुठला उगवलाय ते फुलं येईपर्यंत कळत नाही, म्हणून लागवड करणारे ओळखीच्या वेलाचे कंद लावतात आणि आठ-दहा मादी वेलांमागे एखादा नर वेल राखतात. नर वेलाला फळ धरत नाही म्हणून तो उपटून टाकलात, तर मादी वेलही रिकामाच राहील.

गॅलरीत किंवा अंगणात कंटोळीचा वेल असेल आणि फुलं नुसती गळत असतील, तर फुलाच्या मागची बाजू बघा. पाकळ्यांखाली बारीक काटेरी कंटोळं दिसलं तर ते मादी फूल. नुसता देठ असेल तर नर. फुलं संध्याकाळी उमलतात. तेव्हा नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढा आणि परागकोश मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच टेकवा. दुधी-भोपळ्यालाही हेच चालतं, तिथे नर-मादी फुलं एकाच वेलावर मिळतात. पुढच्या लेखांकात पपई.