गणितातील सर्वंकष परीक्षा आणि सीमाभागातील विद्यार्थी

पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकलेले सगळे विषय एकाच वेळी समोर ठेवून जी परीक्षा घेतात, तिला सर्वंकष परीक्षा म्हणतात. अमेरिकेत प्रबंध न लिहिता गणितात मास्टर्स करणाऱ्याला अनेक विद्यापीठांत ही परीक्षा द्यावी लागते. अ‍ॅनालिसिस आणि अल्जिब्रा हे तिचे दोन मुख्य खांब. भारतातल्या एमएस्सीत अशी परीक्षा सहसा नसते. चार सेमिस्टर असतात, प्रत्येक सेमिस्टरचे पेपर त्याच वेळी संपतात आणि पहिल्या सेमिस्टरमधली टोपॉलॉजी चौथ्यात कोणी विचारत नाही.

मात्र पदवीनंतर सगळे विषय एकत्र विचारणारी परीक्षा येतेच. सीएसआयआर-नेट, गेट आणि राज्याची सेट या त्या परीक्षा. प्राध्यापकी किंवा संशोधनाकडे जाणाऱ्याला बहुतेकदा यांतल्या एखादीला सामोरे जावे लागते, आणि कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कलबुर्गी-बीदरचा विद्यार्थीही त्याला अपवाद नाही.

या भागात गणिताची पदव्युत्तर सोय टप्प्याटप्प्याने झाली. निजामाच्या काळात इथल्या उच्च शिक्षणाची दोरी १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाकडे, म्हणजे हैदराबादेत होती. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर आजच्या महाराष्ट्राच्या बाजूला आले. भालकी, औराद, हुमनाबाद आजच्या कर्नाटकात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र १९७० मध्ये गुलबर्ग्यात (आजच्या कलबुर्गीत) आले आणि १९८० मध्ये त्याचे गुलबर्गा विद्यापीठ झाले. २००९ मध्ये आळंद तालुक्यातील कडगंची येथे केंद्रीय विद्यापीठ आले आणि २०२३ मध्ये बीदरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. शिवाय भालकी-कमलनगरकडची मुले सीमेपलीकडे नांदेड-लातूरकडेही शिकायला जातात. बीदरहून निघालेली रेल्वे भालकी, कमलनगर करत थेट उदगीरला पोहोचते.

सगळे विषय एकत्र विचारणाऱ्या अशा सर्वंकष परीक्षेत नेमके काय तपासले जाते, ते एका उदाहरणावरून कळते. दोन ओळी आणि दोन स्तंभ असलेले, ज्याचा व्यस्त निघतो असे मॅट्रिक्स घ्या. व्यस्त निघण्याची अट एकच : निश्चयक शून्य नसावा. लिनिअर अल्जिब्राच्या पेपरात विषय इथेच संपतो. पण निश्चयक हे मॅट्रिक्सच्या संख्यांचे सलग बदलणारे फलन आहे, हे अ‍ॅनालिसिस सांगते. वास्तव संख्यांतून शून्य काढले की उरणारा संच मुक्त असतो. म्हणून अशा सगळ्या मॅट्रिक्सचा संचही मुक्त असतो. शून्य काढल्यावर संख्यारेषेचे धन आणि ऋण असे दोन तुकडे पडतात, म्हणून मॅट्रिक्सचा हा संच सलग जोडलेला राहत नाही. ही टोपॉलॉजी झाली. आता वास्तव संख्यांऐवजी तीनच घटकांचे क्षेत्र घ्या आणि असे मॅट्रिक्स किती, ते मोजा. पहिली ओळ शून्य सोडून कोणतीही, म्हणजे ८ पर्याय. दुसरी ओळ पहिलीची पट नसावी, म्हणजे ९ मधून ३ वजा, ६ पर्याय. एकूण ४८ मॅट्रिक्स, आणि त्यांचा गट बनतो. वस्तू एक आणि पेपर चार. गणितज्ञ याच जोडांवर काम करतो, आणि सेमिस्टरच्या परीक्षेत नेमके हेच जोड सुटून जातात.

नेटच्या गणितीय विज्ञानाच्या पेपरची रचनाही हे जोड तपासणारी आहे. तीन तास, २०० गुण आणि १२० प्रश्न, त्यांतले ६० सोडवायचे. सामान्य क्षमतेच्या अ भागात १५ प्रश्नांना ३० गुण, ब भागात २५ प्रश्नांना ७५ आणि क भागात २० प्रश्नांना ९५ गुण. क भागात एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण मिळतात. तिथे चुकीबद्दल गुण कापत नाहीत, पण अर्धवट समज असलेल्याला गुणही मिळत नाहीत. सूत्रे पाठ करून हा भाग सुटत नाही. एखादे विधान कुठे खोटे ठरते, ते दाखवणारे प्रतिउदाहरण हाताशी असावे लागते.

सीमाभागातल्या विद्यार्थ्याला दोन अडचणी जास्तीच्या आहेत. पहिली भाषेची. मराठी शाळेत निश्चयक, संच, फलन शिकलेली मुलगी एमएस्सीत सगळे इंग्रजीतून वाचते, तर नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. दुसरी अडचण नियमाची आहे. १ जून २००२ नंतर राज्याच्या सेटमधून मिळणारी प्राध्यापकपदाची पात्रता त्या राज्यापुरतीच मानली जाते. पूर्वी म्हैसूर विद्यापीठ घेत असलेली आणि आता कर्नाटक परीक्षा प्राधिकरण (केईए) घेत असलेली कर्नाटकची सेट, म्हणजे केसेट, उदगीरच्या महाविद्यालयात चालत नाही. महाराष्ट्राची सेट भालकीत चालत नाही. अर्ध्या-पाऊण तासाच्या रेल्वे प्रवासाच्या अंतरावर पात्रता बदलते. नेट मात्र दोन्हीकडे चालते, म्हणून सीमेवरच्या विद्यार्थ्याने आधी नेटचाच विचार करावा. तीत कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती (जेआरएफ) मिळाली तर संशोधनासाठी दरमहा ३७,००० रुपये मिळतात, आणि कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घराला ही रक्कम मोठी आहे.

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असतानाही नेट देता येते. म्हणून तयारी पदवी हाती येण्याआधी व्हायला हवी. प्रत्येक विभागाने तिसऱ्या सेमिस्टरपासून महिन्यातून एकदा सर्व विषयांचा मिळून तीन तासांचा पेपर घ्यावा, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर मुलांकडूनच उत्तरे सोडवून घ्यावीत. जुन्या प्रश्नपत्रिका विनामूल्य उपलब्ध आहेत. कलबुर्गी आणि बीदरच्या गणित विभागांनी हे येत्या सेमिस्टरपासूनच सुरू करावे.